ॲक्रनचा मूक संघ : टायर कारखान्यातल्या कर्णबधिर फुटबॉलपटूंचे प्रकरण

गोव्यात कंपनीचा फुटबॉल संघ ही नवलाची गोष्ट नाही. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावे आपल्यापैकी अनेकांनी आधी मैदानावर ऐकली आणि खाणींच्या संदर्भात नंतर. पण ज्या संघात रेफ्रीची शिट्टी ऐकू येणारा एकही खेळाडू नाही, असा संघ एखाद्या कारखान्यात उभा राहतो आणि ऐकू येणाऱ्यांच्या संघांशी बरोबरीने भिडतो, हे माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात ते घडले, पहिल्या महायुद्धाच्या काळात, गुडइयर टायर कंपनीत. संघाचे नाव होते गुडइयर सायलेंट्स.

मी फोंडा तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत कामगारभरतीचे काम करतो आणि हे प्रकरण त्याच नजरेने मांडतो आहे. संघ कोणाविरुद्ध किती गुणांनी जिंकला, हे खेळाच्या पानावर शोभते. माझ्यासारख्याला पडणारा प्रश्न निराळा आहे : एका कारखान्यात अकरा कर्णबधिर खेळाडू, वर राखीव गडी, आणि त्यांना टाळ्या वाजवायला शेकडो कर्णबधिर कामगार हे सगळे जमले कसे?

एक खुलासा आधीच करतो. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो अमेरिकन फुटबॉल : लांबट चेंडू, हातात धरून पळणे, समोरच्याला अंगावर घेऊन पाडणे, रग्बीच्या जवळचा खेळ. गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांसमोर सहज फातोर्डा किंवा म्हापशाचे दुलेर मैदान येईल. ते चित्र थोडे बदलून घ्यावे लागेल. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण तो खेळ कर्णबधिरांना विशेष मानवला.

शहर फुगले, माणसे कमी पडली

गुडइयर कंपनी 1898 साली फ्रँक सायबरलिंग यांनी ॲक्रनमध्ये काढली. त्याच शहरात गुडरिच आधीपासून होती आणि 1900 साली फायरस्टोनही आली. मोटारगाड्या वाढल्या तसा टायरचा खप वाढला. फोर्डची मॉडेल टी 1908 ला बाजारात आली, 1913 पासून ती फिरत्या जोडणीपट्ट्यावर बनू लागली, आणि प्रत्येक गाडीला टायर हवेच होते. 1910 च्या जनगणनेत ॲक्रनची लोकसंख्या 69,067 होती. 1920 ला ती 2,08,435 झाली. दहा वर्षांत तिप्पट! राहायला जागा उरली नाही. वेगवेगळ्या पाळ्यांतले कामगार एकाच खाटेवर आळीपाळीने झोपत. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणात शिरायचा. खाणीचा धंदा जोरात असताना डिचोली, साखळी, कुडचड्याच्या बाजूला किंवा आज वेर्णे वसाहतीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत कामगार कसे राहतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तरुणांची सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. कारखान्याला माणसे हवीत नेमकी तेव्हाच माणसे निघून चालली. मागणी तर वाढतच होती : लष्करी ट्रकांचे टायर, टेहळणीचे फुगे, वायूने भरलेली हवाई जहाजे. कर्णबधिर माणसांना सैन्यात घेत नव्हते. ती मागे राहिली होती, धडधाकट होती आणि काम शोधत होती.

गुडइयरने काही कर्णबधिर कामगार युद्धाच्या आधीच घेतले होते, हे नोंदवले पाहिजे. ते नीट काम करतात हे कंपनीने पाहिले होते, म्हणूनच टंचाई आली तेव्हा तिला कुठे जायचे ते ठाऊक होते. लवकरच कर्णबधिर कामगारांची संख्या शेकड्यांत गेली. फायरस्टोननेही हीच वाट धरली. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून कर्णबधिर माणसे आगगाडीने ॲक्रनला येऊ लागली.

भरती कोणी केली

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग माझ्या मते हा आहे, आणि खेळाच्या गोष्टी सांगताना नेमका तोच गळतो.

कर्णबधिर कामगारांची भरती आणि देखरेख कर्णबधिरांच्याच हाती दिली गेली. ॲशलँड मार्टिन हे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयाचे पदवीधर. हे महाविद्यालय 1864 पासून कर्णबधिरांना उच्च शिक्षण देत आले आहे. मार्टिन स्वतः कर्णबधिर, आणि गुडइयरमध्ये कर्णबधिर कामगार आणण्यात व त्यांना स्थिर करण्यात त्यांचा मोठा हात होता. दुसरे नाव विल्यम हॉय यांचे. हॉय हे 1888 ते 1902 या काळात अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये बेसबॉल गाजवलेले कर्णबधिर खेळाडू. युद्धकाळात त्यांनी गुडइयरमध्ये शेकडो कर्णबधिर कामगारांची देखरेख केली. दूरच्या गावातल्या एखाद्या पोराला घरच्यांनी कधी एकट्याने गाडीत बसवले नसेल. त्याला हॉय तिथे आहेत हे कळल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना करा.

तेव्हा बहुतेक राज्यांत कर्णबधिरांसाठी निवासी शाळा होत्या. त्या शाळांत छपाई, सुतारकाम, चांभारकाम असे धंदे शिकवत, आणि फुटबॉलही खेळला जाई. कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या 1880 च्या मिलान परिषदेनंतर वर्गात खुणांची भाषा बंद करून ओठ वाचायला आणि बोलायला लावण्याचा आग्रह जगभर वाढला होता. तरी मुले वसतिगृहात आणि मैदानावर खुणांनीच बोलत. म्हणजे ॲक्रनच्या फाटकावर येणाऱ्या त्या तरुणाजवळ आधीच तीन गोष्टी होत्या : हाताला वळण, एक सामाईक भाषा आणि सांघिक खेळाची सवय. कंपनीला यातले काहीच शिकवावे लागले नाही. शाळांनी जे पेरले ते कारखान्याने कापले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

कारखाना चालवणारे पॉल लिचफील्ड यांनी 1913 मध्ये ‘फ्लाइंग स्क्वॉड्रन’ नावाची योजना काढली होती. निवडक कामगारांना कारखान्यातले प्रत्येक काम शिकवायचे, म्हणजे जिथे माणूस कमी पडेल तिथे त्यातला एक उभा करता येईल. पुढे कर्णबधिरांसाठीही अशी तुकडी उभी राहिली. याला मी फार मोठे पाऊल मानतो. आपल्याकडे कर्णबधिर कामगार मिळाला की त्याला पॅकिंगच्या टेबलाला बसवतात आणि तो तिथेच म्हातारा होतो. त्याला सगळी मशीन शिकवावी, असे मनात येणारा फोरमन विरळा.

टायर कारखान्यातला गोंगाटही इथे कामाला आला असणार. रबर मळणारे रोळ, त्याची पातळ पत्रे काढणारी यंत्रे, टायर भाजणारे साचे, या घरघरीत ऐकू येणाऱ्यालाही शेजाऱ्याचे बोलणे समजत नाही. तिथे खुणांनी बोलणारी दोन माणसे दहा पावलांवरून सविस्तर बोलू शकतात. हा माझा रोजच्या कामातला अनुभव आहे. प्रेस शॉपमध्ये ऐकणारे कामगारच आपापल्या खुणा शोधून काढतात.

मैदान

इतकी माणसे एकत्र आली, हाती पगार आला, रविवार मोकळा मिळाला. मग संघ होणारच होता. गुडइयरमध्ये कामगारांच्या खेळांना आधीपासून उत्तेजन होते. 1920 मध्ये उघडलेल्या गुडइयर हॉलमध्ये तर व्यायामशाळाच होती. कर्णबधिरांचा फुटबॉल संघ युद्धाच्या वर्षांत आकाराला आला आणि बेसबॉलचाही संघ झाला. देशभरातल्या कर्णबधिर शाळांतले आणि गॅलॉडेटचे उत्तम खेळाडू ॲक्रनला जमले होते. एका राज्याच्या शाळेत एखाद-दुसराच निघावा असा गडी इथे प्रत्येक जागेसाठी मिळत होता.

ओहायो हा त्या काळी या खेळाचा गड होता. शेजारच्या कँटन शहरात जिम थॉर्प हे त्या काळचे नामांकित खेळाडू खेळत होते. 1920 मध्ये त्याच कँटनमध्ये ज्या व्यावसायिक लीगची स्थापना झाली, तिचेच पुढे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची आजची सर्वांत मोठी लीग, झाले. त्या लीगचा पहिला विजेता होता ॲक्रन प्रोज, सायलेंट्सच्याच शहरातला संघ. त्यात फ्रिट्झ पोलार्ड हे काळे खेळाडू चमकत होते. सायलेंट्स अशा वातावरणात खेळत होते. फुटबॉल कळणारे प्रेक्षक भोवती होते आणि कीव म्हणून तिकीट काढणारे ते नव्हते.

आता खेळाच्या जातीविषयी. अमेरिकन फुटबॉल सलग चालत नाही. चेंडू जमिनीवर ठेवतात, दोन्ही बाजूचे गडी समोरासमोर ओणवे होतात, डाव सुरू होतो, कोणी पडले की थांबतो, पुन्हा मांडणी. प्रत्येक डावाआधी संघाला काही क्षण बोलायला मिळतात. कर्णबधिर संघाला हे क्षण सोन्यासारखे. आपल्या फुटबॉलमध्ये बचावपटू मागून “मागे बघ!”, “सोड!”, “मॅन ऑन!” असे ओरडत असतो. तिथे कर्णबधिर खेळाडूला मान सतत वळवत राहावे लागते. अमेरिकन खेळात सगळ्यांची नजर मुळातच चेंडूवर असते. चेंडू हलला की डाव सुरू. ओरडून दिलेल्या आकड्यांची वाट बघायची गरज नाही.

डाव ठरवायला खेळाडू डोकी जुळवून गोल करतात, ती पद्धत गॅलॉडेटमधून आली असे सांगितले जाते. 1894 साली तिथला क्वार्टरबॅक (डाव चालवणारा गडी) पॉल हबर्ड याने प्रतिस्पर्धी कर्णबधिर संघांनी खुणा वाचू नयेत म्हणून आपले गडी गोलात उभे केले आणि मधे हात हलवले. सायलेंट्सची अडचण उलटी होती, किंवा अडचण नव्हतीच म्हणा. समोरचा संघ ऐकणाऱ्यांचा, त्याला खुणा येत नाहीत. मग भर मैदानात, सगळ्यांच्या देखत डाव ठरवता येतो. ज्या भाषेला शाळेत हातावर छडी मिळत होती, तीच इथे गुप्त लिपीसारखी उपयोगी पडली.

धोका एकच होता. शिट्टी वाजल्यावर ऐकणारा गडी थांबतो, कर्णबधिर गडी पुढच्या क्षणी अंगावर आदळतो. त्यातून दंड होतो, कधी हाणामारी. म्हणून अशा संघाला डोळ्यांची शिस्त कानांपेक्षा कडक ठेवावी लागते. कोण थांबले, कोणाचा हात वर गेला, पंच कुठे बघतोय, हे सगळे एकाच वेळी.

सायलेंट्सने ओहायो परिसरातल्या संघांशी सामने खेळले, आणि पहिल्या काही हंगामांत त्यांना हरवणे सोपे नव्हते. न्यू जर्सीच्या कर्णबधिर शाळेतून निघणाऱ्या ‘द सायलेंट वर्कर’ या मासिकातून ही खबर देशभरच्या कर्णबधिर घरांत पोहोचत होती. याचा परिणाम भरतीवरही झाला. खेळात नाव असलेल्या मुलाला ॲक्रनची ओढ लागायची आणि कंपनीला ते हवेच होते. साळगावकरने किंवा धेंपोने गावोगावचे खेळाडू नोकरी देऊन आणले, फगवाड्याच्या जेसीटी मिलने देशभरातून आणले, तशीच ही रीत. जेसीटी ही तर कापड गिरणी, आणि 1996-97 ला झालेली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग तिनेच जिंकली होती.

कोणाला काय मिळाले

कंपनीला कामगार मिळाले, टिकणारे कामगार मिळाले, आणि फुकटची जाहिरात मिळाली. संघाच्या नावातच कंपनीचे नाव होते हे विसरू नये. गुडइयरने उपकार केला असे मी म्हणणार नाही. गरज होती, हिशेब होता, आणि तो हिशेब दोन्ही बाजूंना पुरला.

कर्णबधिरांना काय मिळाले ते मात्र पगारापुरते मोजून चालणार नाही. त्या काळात ओहायोसह अनेक राज्यांत कामगार नुकसानभरपाईचे कायदे आले होते. कायदे चांगले, पण त्यांचा एक उलटा परिणाम असा की अपंग माणसाला अपघात होईल, भरपाई आपल्या माथी येईल, या भीतीने मालक त्याला दारातूनच परत पाठवू लागले. पुढे 1920 च्या दशकात काही राज्यांनी कर्णबधिरांना मोटार चालवायला बंदी घातली. बाहेरच्या जगात असे वारे वाहत असताना ॲक्रनमध्ये एका मोठ्या यंत्रशाळेत शेकडो कर्णबधिर माणसे सुखरूप काम करत होती, घरे घेत होती, लग्ने करत होती. कंपनीने कामगारांसाठी वसवलेल्या गुडइयर हाइट्ससारख्या वस्तीमुळे शहरात स्थिरावण्याचे स्वप्नही बघता येत होते. बायकाही कामावर होत्या. रस्त्यावर, ट्राममध्ये, दुकानात लोक उघडपणे हातांनी बोलताना दिसत. ज्या मुलाला शाळेत हात खिशात ठेवायला शिकवले, त्याला हे सगळे शहर पहिल्यांदा पाहताना कसे वाटले असेल!

पण हे सुख सर्वांच्या वाट्याला आले नाही. रबर कारखान्यांत काळ्या कामगारांना फार थोडी आणि हलकी, घामाची कामे मिळत. दक्षिणेत काळ्या कर्णबधिर मुलांच्या शाळाही वेगळ्या होत्या. पोलार्ड ॲक्रनच्या मैदानावर चमकले म्हणून कारखान्याचे दार सगळ्यांना उघडले असे झाले नाही. हे सांगितले नाही तर प्रकरण अर्धवट राहील.

उतरण

1920 च्या अखेरीस मंदी आली. टायरचा खप कोसळला, महाग भावात घेतलेले रबर आणि कापूस गोदामात पडून राहिले आणि गुडइयर दिवाळ्याच्या काठावर आली. 1921 मध्ये बँकवाल्यांनी कंपनीची घडी नव्याने बसवली आणि संस्थापक सायबरलिंग यांनाच बाहेर पडावे लागले. ॲक्रनमधले हजारो कामगार घरी गेले. त्यांत कर्णबधिरही होते. सैन्यातून परतलेले तरुण फाटकाबाहेर उभे होते. तीन वर्षांपूर्वी ज्यांना आगगाडीने बोलावून आणले, त्यांची निकड आता संपली होती.

संघ एका दिवसात मोडला नाही. काही हंगाम आणखी चालला, जुने गडी खेळत राहिले. पण नवी भरती आटली की संघ म्हातारा होतो. विशीतला खेळाडू तिशीत जातो, गुडघे बोलू लागतात, मागून कोणी येत नाही. 1920 चे दशक सरता सरता सायलेंट्सचे नाव खेळाच्या पानांवरून विरत गेले.

आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले, 2018 मध्ये पुन्हा थांबले, तेव्हा ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाची हॉटेले सगळ्यांना झळ बसली. 2016 ला साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून अंग काढले. त्याची कारणे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याशी जोडलेली होती, मंदीशी नव्हे. पण सामान्य प्रेक्षकाला एवढेच दिसले की काल असलेला संघ आज नाही. मालकाच्या निर्णयावर जगणाऱ्या संघाची ही जन्मजात उणीव आहे. ती गुडइयरमध्येही होती.

मात्र ॲक्रनमध्ये आणखी काहीतरी झाले. सगळी माणसे निघून गेली नाहीत. ज्यांनी घर केले ती राहिली, आणि त्यांच्या गाठीभेटी राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना पुन्हा हात कमी पडले, कर्णबधिर कामगार पुन्हा ॲक्रनला आले, आणि यावेळी त्यांचा स्वतःचा क्लब होता. 1945 मध्ये कर्णबधिरांच्या बास्केटबॉल क्लबांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा ॲक्रनमध्ये भरली. तिथेच अमेरिकेतल्या कर्णबधिर खेळाडूंची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आर्ट क्रूगर यांच्या पुढाकाराने. 1951 साली त्या संघटनेने आपल्या मानवंतांच्या यादीत पहिला कर्णबधिर खेळाडू घेतला तो विल्यम हॉय, ज्यांनी एकेकाळी गुडइयरमध्ये कामगारांवर देखरेख केली होती. कंपनीचा संघ गेला आणि कामगारांची संघटना उरली. ती कंपनीने दिलेली नव्हती, म्हणून ती काढूनही घेता आली नाही.

गोव्याकडे बघताना

हे प्रकरण मी इतके का उकरतो आहे ते आता सांगतो.

गोव्यात कर्णबधिर तरुण फुटबॉल खेळतात. गावाच्या संघात, पीक कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात, शाळेच्या मैदानात. असाच एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे, राइट बॅक खेळतो. मैदान त्याला असे वाचता येते की चेंडू येण्याआधी तो तिथे पोचलेला असतो. एका स्पर्धेत शिट्टीनंतर खेळत राहिला म्हणून त्याला पिवळे कार्ड मिळाले आणि त्याच्या बाजूने रेफ्रीशी बोलायला मैदानावर कोणी नव्हते. कामावर तो एका युनिटमध्ये एकटाच कर्णबधिर. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर दुसऱ्या वसाहतीतल्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलतो. जवळ बसलेल्या चाळीस माणसांशी नाही.

पर्वरीच्या संजय स्कूलमध्ये किंवा ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळेत ही मुले एकत्र असतात. घरी कोंकणी, पुस्तकात मराठी किंवा इंग्रजी, आणि मित्रांत खुणा, असे त्यांचे जग. शाळा संपली की ती फुटतात : एक कुंडईला, एक वेर्ण्याला, एक म्हापशाला काकाच्या दुकानात. आम्ही भरती करणारे लोक एका युनिटमध्ये एक कर्णबधिर घेतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो. ॲक्रनने नेमके उलटे केले. एकाला घेतले असते तर तो एकाकी कामगार झाला असता. शेकड्यांनी घेतले म्हणून समाज झाला, समाज झाला म्हणून संघ झाला. गोव्यात शेकडो शक्य नाहीत, आपले राज्यच लहान. पण पंधरा-वीस एका फाटकातून आत येणे अशक्य नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा आहेत आणि त्यातला एक टक्का कर्णबधिर व ऐकण्यास कमी असणाऱ्यांसाठी. खाजगी मालकांवर सक्ती नाही. निदान पाच टक्के कामगार दिव्यांग असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे खाजगी कारखान्यात हे काम भरती अधिकाऱ्याच्या इच्छेवर येऊन थांबते, म्हणजे माझ्यासारख्यावर. राज्याने दिव्यांग सबलीकरणाचे स्वतंत्र खाते केले आहे, 2023 पासून पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव भरतो, तिथे देशभरातून माणसे येतात. उत्सव चांगला आहे. पण उत्सव संपल्यावर सोमवारी सकाळी सात वाजता पाळीवर कोण उभे असते, त्यावर पुढचे ठरते.

आमच्या वसाहतीत मी जे मांडले आहे ते साधे आहे. शेजारच्या चार-पाच युनिटांनी एकाच पाळीत कर्णबधिर कामगार घ्यावेत, विखुरलेले नकोत. त्यांच्यातलाच एक अनुभवी माणूस पर्यवेक्षक करावा, पगारासकट. लाइनवरच्या फोरमनला भारतीय सांकेतिक भाषेचे प्राथमिक शिक्षण द्यावे. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचे साहित्य मिळते. संकटसूचनेच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा लाल दिवा बसवावा, फोर्कलिफ्टलाही. यातले काहीच खर्चिक नाही. माझ्या माहितीतल्या एका व्यवस्थापकाला सगळ्यात जड गेला तो पर्यवेक्षकाचा मुद्दा. “तो बाकीच्यांना सूचना कशा देणार?” असे त्यांनी विचारले. तो त्याच्या माणसांना देईल आणि तुम्ही त्याला द्याल, हे त्यांना पटायला वेळ लागला.

संघाचे बोलायचे तर नियम अडवत नाहीत. कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत मधल्या रेफ्रीकडेही झेंडा असतो. शिट्टीबरोबर झेंडा वर जातो, एवढाच बदल. 1924 मध्ये पॅरिसला कर्णबधिरांचे पहिले जागतिक सामने झाले तेव्हापासून त्यांत फुटबॉल आहे. ग्लासगोला तर 1871 पासून कर्णबधिरांचा फुटबॉल क्लब आहे. त्या जागतिक सामन्यांत खेळायला दोहोंतल्या बऱ्या कानालाही ऐकण्यात निदान 55 डेसिबलची उणीव लागते आणि श्रवणयंत्र काढून उतरावे लागते. आपल्या कायद्यातली मर्यादा 60 डेसिबलपासून सुरू होते, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र न मिळालेला एखादा मुलगाही संघात बसू शकतो. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढून घेतला की झाले. वसाहतींच्या आंतर-कंपनी स्पर्धेत सात-सात खेळाडूंचे सामने होतात, म्हणजे सुरुवातीला अकरासुद्धा नकोत. सात गडी, तीन राखीव, लाइनवर उभा राहून खुणा करणारा एक प्रशिक्षक, आणि रेफ्रींच्या बैठकीत झेंड्याविषयी पाच मिनिटांची चर्चा. स्पर्धा पावसाळा सरल्यावर असते. यंदाच्या नोंदणीच्या अर्जावर “कंपनीचे नाव” या रकान्यात चार कंपन्यांची नावे एकत्र लिहिता येतील का, एवढे मी आयोजकांना विचारून ठेवले आहे.